ईपीआर प्रमाणपत्र घेतलं, पण रस्त्यावरचं पाकीट उचललं कोणी?

फरसाण_सांगली
नमस्कार मंडळी. चिवडा, शेव आणि बटाटा वेफर्सचा कारखाना आहे. विक्री महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोव्यात. उलाढाल शंभर कोटींपुढे गेली, त्यामुळे उद्यम नोंदणीत लघुचे मध्यम झालो. लहान उद्योगांना असलेली सूट संपली आणि ब्रँड ओनर म्हणून प्लास्टिक पॅकिंगची उत्पादक जबाबदारी, म्हणजे ईपीआर, अंगावर आली.

पॅकिंग सगळं छापील मेटलाइज्ड लॅमिनेट, म्हणजे धातूचा पातळ लेप दिलेली थरांची फिल्म. २०२३-२४ मध्ये ३८ टन लागलं, २०२४-२५ मध्ये ४६ टन. पॅकिंग मशीनवर वाया जाणारं वर्षाला सरासरी २ टन.

आपल्या पॅकिंगइतकं प्लास्टिक रिसायकल झालं किंवा विल्हेवाटीला गेलं, याच्या प्रमाणपत्रांसाठी दोन भाव आले आहेत. एक किलोला १ रुपया ८० पैसे, ‘उद्या सरकारी पोर्टलवर ट्रान्सफर करतो’ म्हणणारा. दुसरा ९ रुपये, पण तो कुठला कचरा, कुठून उचलला हे दाखवायला तयार आहे. अकाउंट्सवाले अर्थातच पहिल्याच्या बाजूने.

प्रश्न असे:
१. नेमकं किती टनांचं घ्यायचं?
२. खरं आणि खोटं ओळखायचं कसं?
३. आमच्या व्यापारी संघटनेला या योजनेत काय बदलावं याच्या सूचना सरकारला पाठवायच्या आहेत. ‘जनजागृती करावी’ छापाच्या नकोत. काय लिहावं?

नियमपान
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तीन राज्यांत विक्री आहे, म्हणजे नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे (सीपीसीबी). एक-दोन राज्यांतच धंदा असता तर राज्याच्या मंडळाकडे (एमपीसीबी) झाली असती. पॅकिंग वर्षाला हजार टनांच्या आत असल्याने नोंदणी शुल्क १०,००० रुपये.

१६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रँड ओनरचं सूत्र सरळ आहे: मागच्या दोन आर्थिक वर्षांत बाजारात आणलेल्या पॅकिंगची सरासरी, अधिक ग्राहकापर्यंत पोचण्याआधीच वाया गेलेल्या पॅकिंगची सरासरी. तुमचं (३८ + ४६) ÷ २ = ४२, अधिक २, म्हणजे ४४ टन. २०२३-२४ पासून लक्ष्य १०० टक्के आहे, तेव्हा ४४ टन पूर्ण.

लोक चुकतात ते याच्या पुढे. ४४ टनांचं कुठलंही प्रमाणपत्र चालत नाही. कॅटेगरी १ म्हणजे कडक प्लास्टिक, २ म्हणजे लवचिक पण सगळे थर प्लास्टिकचे, ३ म्हणजे प्लास्टिकबरोबर दुसऱ्या कशाचा तरी थर. कॅटेगरी १ ची स्वस्त प्रमाणपत्रं ३ च्या खात्यात बसत नाहीत. तुमचं लॅमिनेट कोणत्या कॅटेगरीत जातं हे पुरवठादाराकडून थरांच्या रचनेसह लेटरहेडवर घ्या. मेटलाइज्ड थर आहे म्हणून पुढचा हिशेब ३ धरून करतो.

२०२५-२६ ला कॅटेगरी ३ मध्ये लक्ष्याच्या किमान ४० टक्के प्रत्यक्ष रिसायकलिंग हवं (२०२४-२५ ला ३० होतं, २०२७-२८ पासून ६०). म्हणजे १७.६ टन रिसायकलिंगचं प्रमाणपत्र. उरलेले २६.४ टन सिमेंट भट्टीचं इंधन, रस्ते किंवा प्लास्टिकपासून तेल, अशा अंतिम विल्हेवाटीचं (एण्ड ऑफ लाइफ) चालेल. दोन्ही प्रमाणपत्रं वेगळी असतात आणि भावही वेगळे. १ रुपया ८० पैसेवाल्याला फक्त एवढंच विचारा, ‘यातलं रिसायकलिंग किती आणि एण्ड ऑफ लाइफ किती?’

शिवाय २०२५-२६ पासून कॅटेगरी ३ च्या पॅकिंगमध्ये ५ टक्के रिसायकल्ड प्लास्टिक वापरायची अट आहे. तुमचा माल खाण्याचा, त्यामुळे इथे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) नियम आडवे येतात. वेगळा विषय आहे, पण त्याची फाईल आत्ताच उघडा.

वार्षिक विवरणपत्राची मुदत ३० जून. कमी पडलात तर पर्यावरण भरपाई लागते. ती भरली म्हणून कर्ज फिटत नाही, राहिलेले टन पुढच्या तीन वर्षांच्या खात्यावर चढतात. तूट एका वर्षात भरून काढली तर भरपाईचे ७५ टक्के परत, दोन वर्षांत ६०, तीन वर्षांत ४०. त्यानंतर गेलेच.

दाणेवाला_जळगाव
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. २०२३ मध्ये सीपीसीबीच्या तपासणीत काही लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली, त्यात महाराष्ट्रातलेही कारखाने होते. नंतर पोर्टलवर चाळण्या वाढल्या. तरी पोर्टलवर दिसतं म्हणजे खरं, असं धरू नका.

खोटं तीन प्रकारे तयार होतं. एक, माल हलतच नाही, फक्त बिलं फिरतात. दोन, तोच माल दोनदा मोजला जातो: वितळवून प्लास्टिकचा दाणा करून विकला, बहिणीच्या नावच्या फर्ममधून भंगार म्हणून परत आणला. तीन, सगळ्यात सभ्य दिसणारा प्रकार: फिल्म कारखान्यात कापणीत उरलेलं स्वच्छ ट्रिमिंग घ्यायचं आणि घरोघरचा कचरा म्हणून दाखवायचं. ट्रिमिंग तसंही कोणी फेकत नाही, त्याला कायम गिऱ्हाईक असतं. तुमच्या पैशाने जादाचा एक किलोही उचलला जात नाही.

कारखान्यात जाऊन एवढं बघा:

यंत्र. १०० मिलिमीटर स्क्रूचा साधा एक्स्ट्रुडर (प्लास्टिक वितळवून दाणा काढणारं यंत्र) धुतलेल्या फिल्मवर तासाला दीडशे ते दोनशे किलो दाणा काढतो. दिवसाला वीस तास, महिन्याला सव्वीस दिवस पळवला तरी नव्वद-शंभर टन. एकाच यंत्रावर महिन्याला ३०० टनांची प्रमाणपत्रं निघत असतील तर विषय संपला. एमपीसीबीच्या संमतीपत्रावरची क्षमता, यंत्राची क्षमता आणि प्रमाणपत्रं, हे तीन आकडे शेजारी ठेवा.

वीजबिल. दळणं, धुणं, वाळवणं आणि एक्स्ट्रुजन मिळून किलोमागे अर्धा ते एक युनिट जातं. १०० टनांना पन्नास हजार युनिटं तरी दिसलीच पाहिजेत. डिझेल जनरेटरवर चालवतो म्हणाला तर डिझेलची बिलं मागा.

घट. मी तरी हीच आधी बघतो. घरगुती कचऱ्यातली फिल्म १०० टन आली तर दाणा ६० ते ७५ टन निघतो. बाकी पाणी, माती, कागद, चुकीचं प्लास्टिक आणि धुण्याच्या टाकीतला गाळ. तो रिजेक्ट कुठे जातो त्याच्या पावत्या मागा. १०० टनांतून ९६ टन दाणा काढणारा एक तर ट्रिमिंग चालवतोय किंवा काहीच चालवत नाही. एक्स्ट्रुडरच्या तोंडाशी वितळलेला माल गाळायची तारेची जाळी असते. घाणेरड्या मालावर ती दर थोड्या वेळाने तुंबते आणि बदलावी लागते. खऱ्या कारखान्यात जळक्या, काळ्या पडलेल्या जाळ्यांचा ढीग कोपऱ्यात असतोच. तिथे जमीन चकचकीत आणि जाळ्या नव्या डब्यात असतील तर चहा घ्या आणि निघा.

काटा पावती आणि ई-वे बिल. गाडी नंबर, वेळ आणि वजन जुळवा. एकाच गाडीने त्याच दिवशी दोन टोकाच्या शहरांतून माल आणलेला असला की पुढे बघायची गरज नाही.

आता धंद्याची बाजूही ऐका. प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१ पासून ५ चा १८ टक्के झाला. आमचा माल गोळा करणारा भंगारवाला नोंदणीकृत नसतो, तो बिल कुठून देणार? मग खऱ्या मालालासुद्धा बाहेरून बिल ‘बसवलं’ जातं. इथेच खरा आणि खोटा एका पंक्तीत येतात, आणि तपासणीत दोघंही सारखेच दिसतात. धातूच्या भंगाराला ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून घेतल्यास खरेदीदारानेच कर भरायची सोय झाली. तशीच प्लास्टिकला करावी आणि दरही खाली आणावा. संघटनेच्या पत्रात हा मुद्दा पहिला टाका.

सुका_कचरा_शेड
वरचं सगळं बरोबर, पण ते माल दारात आल्यानंतरचं. तुमचं पाकीट दारात येतच नाही, त्याचं कारण सांगते.

पाण्याची एक लिटरची पेट बाटली वीस-पंचवीस ग्रॅम भरते. चाळीस-पंचेचाळीस बाटल्यांचा किलो होतो आणि भंगारात पंचवीस-तीस रुपये मिळतात. पाच रुपयांचं वेफर्सचं रिकामं पाकीट दोन ग्रॅमच्या आसपास. किलोला पाचशे वेळा वाकायचं. भाव किलोला पाच रुपये जरी मिळाला तरी पाकिटामागे एक पैसा. कचरावेचक बाई ते उचलत नाही यात तिचं काय चुकलं?

म्हणजे बाटलीला ईपीआरच्या पैशाची फारशी गरज नाही, ती आधीपासून उचलली जाते. पैसा हवा तो पाकिटाला, आणि तो उचलण्याच्या जागी.

वर्गीकरणात घोळ कुठे होतो तेही बघा. पाकीट मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. परत उलगडलं तर मेटलाइज्ड फिल्म, चुरगळलेलंच राहिलं तर आत ॲल्युमिनियमची फॉइल. दोन्ही वेगळ्या पोत्यात. फॉइलवालं दाणा करणाऱ्याच्या कामाचं नाही. बाटलीवरची घट्ट बसणारी आवरणं पुष्कळदा पीव्हीसीची असतात, ती सिमेंट भट्टीला जाणाऱ्या, दाबून बांधलेल्या गासडीत घुसली की गाडी परत येते. क्लोरिनमुळे भट्टीच्या प्रीहीटरमध्ये खपल्या धरतात, म्हणून ते साधारण एक टक्क्याच्या वर क्लोरिन घेत नाहीत. ओलाव्यालाही मर्यादा असते, पंधरा-वीस टक्क्यांची. पावसाळ्यात शेडला पत्रा आणि खाली फरशी नसेल तर जून ते सप्टेंबर एकही गाडी पास होत नाही. पत्रा आणि फरशी कोणी बांधायची, हा प्रश्न प्रमाणपत्राच्या भावात कुठेच नसतो.

वाहतूक. सुटा माल दहा टनी गाडीत जेमतेम दीड टन बसतो. गासड्या बांधल्या तर नऊ टन. पुण्याहून चंद्रपूरच्या सिमेंट पट्ट्यात सातशेच्या आसपास किलोमीटर आहेत, भाडं ४५,००० धरा. गासडी बांधून किलोला ५ रुपये, सुटा नेला तर ३०. त्यामुळे गासडी बांधायचं हायड्रॉलिक मशीन गावागावात नसलं तरी तालुक्याला एक हवंच.

आता हिशेब जोडा: वेचणारीला ५, वर्गीकरण आणि गासडी २-३, वाहतूक ५. बारा-तेरा रुपये इथेच झाले, वरून काही वेळा सिमेंटवालाच टनामागे पैसे मागतो. १ रुपया ८० पैशांत हे होत नाही. ९ रुपयांतही होतं ते शेड पालिकेने दिलेली असते किंवा वर्गीकरणाचा पगार दुसरीकडून निघतो तेव्हा. त्या ९ वाल्याला विचारा, वेचणारीला किलोला किती देतो. उत्तर आकड्यात आलं नाही तर तोही कागदवालाच.

लॅमिनेट_टेक
मधेच तांत्रिक मुद्दा. फरसाणवाल्यांनी आधी पॅकिंगची रचना तपासावी. पेट, ॲल्युमिनियम फॉइल आणि पॉलिथिन अशी रचना असेल तर ती वितळवून दाणा होणार नाही. पॉलिथिन ११०-१३० अंशाला वितळतं, पेट २५० च्या पुढे. पॉलिथिनच्या तापमानाला पेटचे खडे राहतात, आणि पेटच्या तापमानाला नेलं तरी दोन्ही एकजीव होत नाहीत.

चिवडा-वेफर्सना बहुतेक वेळा बीओपीपी आणि मेटलाइज्ड बीओपीपी पुरतं. दोन्ही थर पॉलिप्रोपिलीनचेच (पीपी), धातूचा लेप मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात. दाणा करणारे हे करड्या पीपी दाण्यात घेऊ शकतात. त्यांची तक्रार धातूपेक्षा शाईची जास्त असते: नायट्रोसेल्युलोजच्या शाया दोनशे अंशांच्या आसपास वायू सोडतात, दाण्यात फुगे येतात आणि वास राहतो. प्रिंटरला शाई बदलायला सांगा, छपाईचं क्षेत्र कमी करा, काळी-गडद पार्श्वभूमी टाळा. पाकिटावर शाई जितकी कमी तितका दाण्याचा भाव बरा.

फरसाण_सांगली
आमची रचना बीओपीपी/मेटलाइज्ड बीओपीपीच निघाली, पण पार्श्वभूमी गडद लाल आहे आणि मार्केटिंगवाले ती सोडणार नाहीत. असा बदल केला तर ईपीआरमध्ये पैसे वाचतात का?

लॅमिनेट_टेक
दमडीसुद्धा नाही. कॅटेगरी तीच, टन तेवढेच. म्हणून तर कोणी बदलत नाही.

राइनकाठचा_मराठी
याच जागी जर्मनी आणि फ्रान्सची व्यवस्था वेगळी पडते, म्हणून लिहितो.

जर्मनीत १९९१ पासून पॅकिंगची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनी माल बाजारात आणतानाच वजनाप्रमाणे शुल्क भरते आणि त्याच पैशातून घरोघरच्या पॅकिंग कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलल्या जातात. आपल्याकडे आधी माल विकायचा, वर्ष संपत आल्यावर प्रमाणपत्र शोधायचं. मार्चमध्ये सगळेच धावतात तेव्हा कचरा गोळा करायला वेळच उरलेला नसतो. मग कागद विकणाऱ्याची चांदी.

तिकडेही फसवाफसवी झालीच. ‘आम्ही दुकानातूनच पॅकिंग परत घेतो’ असं सांगून कंपन्या शुल्कातून सुटायच्या, आणि भरणाऱ्यांच्या डोक्यावर खर्च चढायचा. २०१४ मध्ये ती पळवाट बंद केली. २०१९ च्या कायद्याने सगळ्यांची नोंद एका सार्वजनिक यादीत आणली, तिचं नाव ल्युसिड. कोणीही ब्रँडचं नाव टाकून नोंदणी आहे का ते बघू शकतो. नोंदणी नसेल तर विक्रीलाच बंदी, आणि २०२२ च्या जुलैपासून ऑनलाइन बाजारपेठांनाही ते तपासावं लागतं. महत्त्वाचं हे की कंपनी किती टन सांगते आणि गोळा करणारी यंत्रणा त्या कंपनीचे किती टन सांगते, दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटेने येतात आणि जुळवले जातात. प्लास्टिक वर्षाला ३० टनांच्या वर असेल तर ऑडिट केलेलं विवरण द्यावं लागतं. त्या मापाने फरसाणवाले तुम्हीसुद्धा ऑडिटमध्ये याल.

लॅमिनेट_टेक यांनी मांडलेल्या अडचणीवर फ्रान्सचा उपाय बरा आहे. रिसायकल होणाऱ्या रचनेला शुल्कात सूट, न होणाऱ्याला दंड. जर्मनीत हे कागदावर आहे, पण शुल्क गोळा करणाऱ्या यंत्रणा एकमेकींशी स्पर्धा करतात, त्यामुळे कोणी गिऱ्हाइकाला दंड लावायला धजत नाही. तेव्हा हा दर बाजारावर सोडू नये, सरकारने ठरवावा.

दाणेवाला_जळगाव
किमान भावाचं काय? ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत २०२४ मध्ये झालेल्या बदलानुसार प्रमाणपत्राचा भाव पर्यावरण भरपाईच्या ३० ते १०० टक्क्यांच्या मधेच ठेवायचा असं आहे. किमान भावावरून मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. प्लास्टिकच्या सौद्यात किमान भाव कडकपणे पाळला गेला तर १ रुपया ८० पैसेवाले आपोआप गळतील.

सुका_कचरा_शेड
अर्धं पटतं. किमान भाव ठेवला आणि तो दाणेवाल्याच्या खिशातच राहिला तर शेडला काय मिळालं? खोटं प्रमाणपत्र विकणाऱ्याचा तर नफाच वाढेल. भावाबरोबर वाटणीही ठरवा: प्रमाणपत्राच्या रकमेतला ठरावीक भाग गोळा करणाऱ्याच्या बँक खात्यात गेल्याची नोंद दिसल्याशिवाय ट्रान्सफर होऊ नये. पुण्यात ‘स्वच्छ’सारखी वेचकांची सहकारी संस्था महापालिकेच्या कराराने घरोघर जाते. अशा संस्थेला थेट पैसे देणं अवघड नाही. अडचण आहे ती तालुक्याच्या गावांत, तिथे नगरपंचायतीमार्फत द्यावे लागतील.

आणि पैसा माल विकला त्या भागात जायला हवा. आत्ता कोकणात विकलेल्या पाकिटाची फेड दुसऱ्या राज्यातल्या कागदाने होते, पाकीट दापोलीच्या ओढ्यातच.

बाटली_परत
कोणी अनामत योजनेचं नाव घेतलं नाही? तामिळनाडूत निलगिरीत सरकारी दारू दुकानांनी २०२२ पासून बाटलीवर १० रुपये जादा घेऊन रिकामी परत दिली की ते देणं सुरू केलं, बाटल्या परत येतात. गोव्याने २०२४ मध्ये अनामतीची योजना अधिसूचित केली, देशात पहिलंच राज्य. पाकिटांनाही लावा.

नियमपान
महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला ५० पैशांची परतखरेदी लिहिलीच होती. अर्ध्या लिटरची पिशवी अडीच ग्रॅम धरा, किलोला ४०० पिशव्या, म्हणजे २०० रुपये. भंगारात त्याच किलोला याच्या एक दशांशच्या आसपास. मधली दरी कोणाच्या खात्यातून जाणार, दूधवाला, दुकानदार की डेअरी, हे ठरलं नाही आणि पिशव्या मोजायच्या कोणी हेही नाही. योजना कागदावरच राहिली. अनामत मोजता येणाऱ्या, कडक, मोठ्या वस्तूला चालते: बाटली, कॅन, पाच लिटरचा तेलाचा डबा. दोन ग्रॅमच्या पाकिटाला ती लावली तर मोजणीचाच खर्च पाकिटापेक्षा जास्त होईल.

बाटली_परत
गोव्याच्या योजनेत मल्टिलेयर, म्हणजे अनेक थरांचं पॅकिंगही आहे म्हणे.

नियमपान
आहे. तिथे वेष्टनावर क्यूआर कोड आणि स्कॅन करून परतावा अशी कल्पना आहे. चुरगळलेल्या, तेलकट पाकिटावर कोड किती स्कॅन होतो ते बघूच. फरसाणवाल्यांची विक्री गोव्यात आहे, तेव्हा त्यांनी कोडची जागा जोडाच्या शिवणीपासून दूर, सपाट भागावर ठेवावी. तसंही प्लास्टिक नियमांतल्या बदलानुसार १ जुलै २०२५ पासून पॅकिंगवरची माहिती बारकोड किंवा क्यूआरमधून देण्याची सोय झाली आहे. छपाईचा सिलिंडर बदलणार असाल तर दोन्ही एकदम करा, सिलिंडरचा खर्च दोनदा नको.

फरसाण_सांगली
आभार. ९ वाल्याशी बोललो. वेचणाऱ्यांना किलोला ४ देतो म्हणाला, खात्यात, नोंदी दाखवल्या. पण माल बीओपीपी असूनही सगळा सिमेंटला पाठवतो, रिसायकलिंगचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नाही. म्हणजे २६.४ टन त्याच्याकडून, १७.६ साठी पीपी दाणा करणारा शोधायचा. करारात काय लिहून घेऊ?

दाणेवाला_जळगाव
पाच गोष्टी. प्रत्येक गाडीची काटा पावती दोन्ही टोकांची, फरक तीन टक्क्यांच्या आत. महिन्याचा माल आत, दाणा बाहेर, रिजेक्ट बाहेर असा ताळेबंद. वीजबिलाची प्रत. न कळवता भेट द्यायचा हक्क. आणि प्रमाणपत्र पुढे रद्द झालं तर पैसे परत अधिक तुम्हाला लागणारी भरपाई त्याने द्यायची. या शेवटच्या कलमावर जो सही करत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पैसे गाडीमागे द्या, आगाऊ पन्नास टक्के मागितले तर वीसवर थांबा.

सुका_कचरा_शेड
आणि गाड्या एप्रिलपासून सुरू करा. महिन्याला दीड टन जमवणं शेडला झेपतं. मार्चमध्ये १७ टन मागाल तर पुन्हा ट्रिमिंगच येईल.